पांढऱ्या धाग्याचं कोहळं

अक्का,

तुझ्या दहाव्याला मी मनात एक बेत धरून नदीवर आलो होतो. कावळा पिंडाला शिवायला वेळ लावतो, मग एकेक माणूस पुढं होतो, हात जोडतो, पोराबाळांकडं पाहीन म्हणतो, राहिलेलं पुरं करीन म्हणतो. माझी पाळी आली की मीही पुढं व्हायचं आणि अठरा वर्षं पोटात दाबलेली गोष्ट तुला आणि कावळ्याला तेवढी ऐकू जाईल अशा आवाजात सांगून मोकळं व्हायचं, असं ठरवलं होतं. पिंड ठेवला, लोक दोन पावलं मागं सरले आणि कावळा आला, चोच मारून गेलासुद्धा. बाईचा जीव कशातच अडकला नव्हता, असं म्हणून सगळे पांगले. जोडायला उचललेले हात मी तसेच डोक्यावर नेले आणि टोपी नीट केली.

म्हणून आता लिहितो आहे. लढाईमुळं कागद मिळत नाही, तेव्हा जुन्या वहीची पाठकोरी पानं घेतली आहेत. माझं अक्षर चौथी पास माणसाचं आहे, पण तुला वाचताच येत नव्हतं, त्यामुळं त्याची लाज नाही. घरात कोणाची गोष्ट सांगायची झाली की लोक मला बोलावतात, कारण मी तिच्यात तिखटमीठ घालतो. या गोष्टीत घालणार नाही. घालायचं तेवढं अठरा वर्षांमागं घालून झालं आहे.

तुझं लग्न म्हणजे एक कुंपण ओलांडणं होतं. मंगरूळपीरच्या आपल्या मळ्याला लागून तुझ्या सासरचा मळा, मधे बोराटीचं कुंपण. तरी पाठवणीला माय अशी रडली की बा वैतागून म्हणाला, दोन वाफे ओलांडले की पोरगी, रडते कायले? पण मायनं पोरीबरोबर लुगड्याच्या पदरात बांधून कोहळ्याचं बेनं दिलं होतं, आणि मला वाटतं ती त्या बियांसाठीही थोडी रडली असेल. तिच्या मायनं तिला दिलं होतं तेच ते बेनं.

आपल्या वेलाची फुलं चिंचोळ्या तोंडाची, खोल. तुझ्या सासरच्या वेलाची फुलं पसरट, ताटलीसारखी उघडी. पहिल्याच पावसाळ्यात दोन्ही वेल एका मांडवावर चढले आणि तुझ्या सासूच्या डोळ्यावर आले. ती मला कुंपणावरून ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "तुह्या मायच्या वेलाची फुलं तोंड लपवते वं. तोंड लपवनाऱ्या फुलाले कोनती माशी इचारन?" एका मळ्यात दोन वाण नको, हे तिचं तेव्हापासूनचं टुमणं.

याचं उत्तर तुला दहा-बारा वर्षांनी बाजारात सापडलं. शेतकी खात्याचा एक माणूस आठवडी बाजारात लिंबाखाली उभा राहून सांगत होता की फुलं दोन जातींची. ज्याच्या खाली बारीक गोटी असते ते फळाचं, ज्याच्या खाली नुसता दांडा ते गडी फूल. माशी गड्याच्या अंगावरची पिवळी धूळ घेऊन फळाच्या फुलात जाते, ती धूळ मधल्या बोंडाला लागली तर गोटी धरते, नाही तर पिवळी पडून गळते. माणसं एकमेकांना कोपरं मारून हसत होती. फुलांचं लग्न म्हणजे फुकटचा तमाशाच. तेवढ्यात वांग्यांच्या ढिगामागून तुझा आवाज आला, "अन् साहेब, फुलाचं तोंडच लहान असलं त?"

तो माणूस गोंधळला. बाईशी बोलायची सवय नसावी, म्हणून त्यानं माझ्याकडं पाहून उत्तर दिलं, ते मोजून पाहावं लागेल. वेळ मारून नेण्यासाठी बोलला बिचारा. त्याला काय ठाऊक, तू ते सरकारी हुकूम समजून घरी नेशील.

दुसऱ्या सकाळी तू बांबूची एक कमची घेऊन बसलीस आणि तिच्यावर खाचा पाडू लागलीस. ज्वारीचा एक दाणा म्हणजे एक खाच. मी तेव्हा पंचविशीचा, सगळं कळणारा. दाणे काय सारखे असतात का, हे मी मोठ्या ऐटीत विचारलं. तू मान वर न करता म्हणालीस, एकाच कणसाचे, त्यातले मधलेच घेतले आहेत, आणि तुला काम नसेल तर मोटेवर जा. फुलाचं तोंड मोजायला कमची आडवी धरायची, खोली मोजायला झाडूची काडी. ती बोंडाजवळून तळापर्यंत उतरवायची, काठाशी नखानं दाबायची आणि मग कमचीला लावायची. पहाटेची फुलं दोन-तीन घटकांत मिटतात, म्हणून चूल पेटवायच्या आधी तू मांडवाखाली. सासू म्हणायची, देवाची फुलं तोडायला नाही गेली कधी इतक्या लवकर.

माझी अशी समजूत होती की वाण दोन, म्हणजे फुलं दोन प्रकारची. निघाली भलतीच. चिंचोळी पंधरा-सोळा दाण्यांच्या तोंडाची, पसरट पंचविसाच्या पुढची हे खरं, पण मधे अठराची, एकोणिसाची, बाविसाचीही फुलं. एका वेलावरची दोन फुलं सारखी नाहीत. मी म्हटलं, हे तर मोजण्यात काही अर्थ नाही, सगळाच गोंधळ आहे. तर तू म्हणालीस, "मानसाची नाकं पाह्य न. घरोघरी येक हाय काय? म्हनून का नाक मोजताच येत नाई?"

मग तूच रीत घातलीस. सोळा दाण्यांच्या आतल्या फुलाच्या देठाला पांढरा धागा, बाविसाच्या वरच्याला लाल, मधल्यांना काही नाही. धाग्याचं फूल गळलं की धागा खाली पडायचा, धरलं की कोहळ्याच्या देठावर राहायचा. किती बांधले, किती राहिले, याच्या रेघा तू मळ्यातल्या झोपडीच्या भिंतीवर गेरूनं ओढायचीस. दिवाळीला भिंत सारवताना तेवढा चौकोन कोरडा सोडायचीस. सासू पाहुण्यांना तो चौकोन दाखवून सांगे, हे आमच्या सुनेचं माहेर.

माश्या मोजायला मात्र तुला माणूस कमी पडला, म्हणून मी. दोन वाट्या आणि चिंचोक्यांची ढिगली. लाल धाग्याच्या फुलात माशी उतरली की या वाटीत एक चिंचोका, पांढऱ्यात उतरली की त्या वाटीत. हे काम ऐकायला सोपं आहे. पहाटेच्या गारव्यात, पोटात काही नसताना, माशीची वाट पाहत बसलं की माणसाला फार गाढ झोप लागते, हे मी तेव्हा शिकलो. जाग आली की अंदाजानं दोन-तीन चिंचोके टाकून द्यायचो. तू एकदा माझी वाटी पालथी केलीस आणि म्हणालीस, इतक्या माश्या आल्या असत्या तर तुला चावल्या असत्या. तेव्हापासून मला बसायचं झालं की आधी गूळ मिळायचा.

तरी एक गोष्ट झोपेतही दिसत होती. पसरट फुलांची वाटी भरत यायची तेव्हा चिंचोळ्यांच्या वाटीचा तळ दिसत असायचा. मी मोठ्या थाटात निकाल दिला, की म्हातारी बरोबर बोलते, जिथं गर्दी तिथं धंदा. तू म्हणालीस, "गर्दी त तुह्या बाजारातल्या दुकानावरही रायते नाम्या. इकत कोन घेते?"

मग तू मला वाकवून दाखवलंस. पसरट फुलात जागा मोकळी. माशी भिंतीच्या कडेनं खाली जाते, मध पिते, वर येते. मधल्या बोंडाला तिची पाठ लागलीच तर लागली. चिंचोळ्या फुलात तिला अंग घासल्याशिवाय तळ गाठताच येत नाही. येतात कमी, पण येईल ती काम करून जाते. मी पाहिलं, मला पटलं, आणि पटलं असं मी म्हणालो नाही. धाकट्या भावाचं तेवढं एकच हत्यार असतं.

सासूनं दुसरी बाजू काढली. कोवळ्या गोटीकडं बोट दाखवलं तरी ती सडते, हे आपल्याकडं शेंबड्या पोराला ठाऊक, आपण दाखवायचं झालं तर बोट दुमडून दाखवतो. आणि ही बया तर फुलात काड्या घालून राहिली. गळालेली प्रत्येक गोटी ती तुझ्या नावावर टाकू लागली. तू भांडली नाहीस. बाजूच्या तितक्याच फुलांना नुसता धागा बांधलास, काडी लावली नाहीस, कमची लावली नाहीस. सरतेशेवटी दोन्हीकडची गळ सारखीच निघाली. तू सासूला नेऊन दाखवलंस, बोट दुमडून. ती म्हणाली, "माह्या नवसानं वाचलं थे." आणि निघून गेली. तिच्यापुढं मोजणी चालत नसे, पण तिनं तुला थांबवलंही नाही. उलट त्या साली तिनंच शर्यत लावली. दिवाळीनंतर दोन्ही वाणांची चार-चार कोहळी दोन्ही घरांसमोर कापायची, भरलेलं बेनं मोजायचं, आणि ज्याचं कमी ते वाण पुढच्या मृगाला लावायचं नाही. तू हो म्हणालीस. तुझा तुझ्या कमचीवर इतका भरवसा होता.

इथून पुढं मी येतो, अक्का. आतापर्यंत मी आपला वाटी घेऊन झोपलेलाच होतो.

बाईनं अख्ख्या कोहळ्याला विळा लावायचा नाही, पहिला घाव गड्याचा. भाऊजी सुगी संपली की कारंज्याला कापसाच्या जिनात कामाला जायचे ते शिमग्यालाच परत. म्हणून तुझी कोहळी कापायला मी. आठही कोहळी आदल्या दिवशी माझ्या बैलगाडीत घातलीस, बाजार करून येताना आपल्या अंगणात उतरव म्हणालीस. वर वांगी, मुळे, खाली तुझी कोहळी.

बाजारात एक लग्नघरचा आचारी आला. त्यानं गाडीत वाकून पांढऱ्या धाग्याचं एक कोहळं पाहिलं. तुझ्या चारांतलं सर्वांत थोर, सगळीकडून सारखं गोल. असं कोहळं मी या बाजारात पाहिलं नाही, असं तो मोठ्यानं म्हणाला. आजूबाजूचे दुकानदार वळून पाहू लागले. आता मला तुला असं सांगता आलं असतं की घरात नड होती. नव्हती. मला फक्त चार माणसांत वाखाणलं होतं. विकायचं नाही हे वाक्य माझ्या तोंडात होतं, आणि मी म्हणालो, घेऊन जा.

परतताना भान आलं. आपल्या मळ्यात मागास, उशिरा लावलेल्या वेलावर एक कोहळं होतं. तेही मायच्याच बेन्याचं. वाण तर एकच आहे, मग काय बिघडलं, अशी मी वाटभर स्वतःची समजूत घातली. बैलांना पटली असावी, ते काही बोलले नाहीत. धागा मात्र मी आचाऱ्याच्या कोहळ्यावरून सोडून घेतला होता, एवढी अक्कल शाबूत होती. तो या कोहळ्याला बांधला.

सकाळी अंगणात माय, तुझी सासू, शेजारच्या चार बाया. मी विळ्यानं वरवर घेर पाडायचा आणि गुडघ्यावर आपटून फोडायचं, म्हणजे आतलं बी चिरत नाही, ही तुझीच शिकवण. लाल धाग्याची चार झाली. पांढऱ्याची तीन झाली. तू एकेक बी चिमटीत दाबून भरलेलं एकीकडं, पोचट एकीकडं टाकत होतीस, आणि माय हसायला लागली होती. चौथं मी फोडलं. त्याची एक कूस भरलेली आणि दुसरी सबंध पोचट. मागास वेल, तोवर माश्या कमी झालेल्या, अर्धवट धूळ लागलेलं फूल. तुझा हात थांबला. तू कोहळ्याकडं पाहिलंस, देठाकडं पाहिलंस, आणि मग दाबून पाहायचं काम पुरं केलंस. माझ्याकडं पाहिलं नाहीस. मी त्या वेळी विळा धुवायला गेलो होतो. विळा स्वच्छच होता.

चिंचोळ्याचं बेनं दोन पसे कमी भरलं. सासू जिंकली, आणि तिचा स्वभाव पाहता फारच कमी बोलली. बोलली ती माय. "वानबी मानसासारखंच थकते. माह्या मायचं व्हतं, झालं आता." पुढच्या मृगाला तिनं आपल्याही मळ्यात तुझ्या सासूकडून मागून आणलेलं पसरट फुलांचं बेनं लावलं. तिसऱ्या वर्षी ती गेली. मरेपर्यंत तिला वाटत राहिलं की आपण पोरीला पदरात बांधून दिलं ते कमअस्सल होतं.

मी सांगू शकलो असतो. पहिल्या दिवशी भीती होती, पहिल्या महिन्यात लाज होती, माय गेल्यावर वाटलं आता कोणासाठी. मग गोष्ट जुनी झाली आणि जुनी गोष्ट उकरून काढणारा माणूस घरात कोणाला आवडत नाही. कारणं मला कधी कमी पडली नाहीत.

सर्वांत वाईट हे, की त्यानंतर मला जन्मभर पसरट फुलाच्या बाजूनं भांडावं लागलं. तू दर साली चिंचोळ्याचं काहीतरी काढायचीस आणि मी जिथं गर्दी तिथं धंदा हे घोडं पुढं दामटायचो. तुला वाटत असेल, भाऊ हट्टी आहे. हट्टी नव्हतो. चिंचोळं चांगलं असं एकदा कबूल केलं असतं तर अंगणातल्या त्या चौथ्या कोहळ्याचं काय, हे मलाच मला सांगावं लागलं असतं. पोळ्याला, दिवाळीला, तुझ्या लेकाच्या लग्नाच्या पंगतीतसुद्धा आपण भांडलो. किन्हीराजा गावचे व्याही घास हातात धरून ऐकत होते. इथल्या लोकांचं कोहळ्यावरून काही जुनं वैर असावं, असा त्यांनी समज करून घेतला.

चिंचोळी फुलं तुला मिळत कुठून, हा प्रश्न मला कधी पडला नाही, यावरून माझी हुशारी दिसते. तुझ्या उकिरड्यावर दरसाल एक-दोन वेल यायचे. तू म्हणायचीस आपोआप उगवतात. उकिरड्यावर काहीही उगवतं, तिथं काय उगवलं हे कोणी विचारत नाही, तुझी सासूही नाही. मीही नाही.

भादव्यात तू तापानं पडलीस. मी रोज कुंपण ओलांडून यायचो. शेवटून दुसऱ्या दिवशी तुला बरं वाटत होतं. तू उशाला टेकून बसलीस, गंगूला, तुझ्या सुनेला, बाहेर पाठवलंस, आणि मला म्हणालीस, "बोल." मी विचारलं, काय बोलू? तू म्हणालीस, "काई असन त बोल." मी तुला वांग्यांवर पडलेल्या किडीबद्दल सांगितलं. बराच वेळ सांगितलं. राखेचा उपयोग होत नाही हेही सांगितलं. तू डोळे मिटून ऐकत होतीस. मी निघालो तेव्हा तू म्हणालीस, बरं, ये मग.

तेराव्यानंतर गंगूनं मला झोपडीत बोलावलं. भिंतीवरचा तो चौकोन आता दारापासून कोपऱ्यापर्यंत वाढलेला. मी रेघा कधी नीट पाहिल्या नव्हत्या, तुझ्याशी भांडायला त्यांची गरज पडत नसे. गंगूनं एकेक साल दाखवलं. पांढऱ्याची बाजू बहुतेक सालांना पुढं. पण ज्या सालांवर तू पावसाची खूण म्हणून ठिपके दिले होते, भादव्यात झड लागलेली सालं, त्यांत लाल पुढं. झडीत माश्या निघत नाहीत, ज्या थोड्या निघतात त्या दुरून दिसणाऱ्या उघड्या तोंडाच्या फुलावर आधी जातात, असं तू गंगूला सांगितलंस म्हणे. म्हणजे तू म्हणत होतीस ते अर्धं खरं आणि मी म्हणत होतो तेही अर्धं. हे तू मला का सांगितलं नाहीस? मग आठवलं, दोनदा सांगितलं होतंस. मी मधे बोललो होतो.

आणि चौकोनात एक जागा कोरी होती. शर्यतीच्या सालाची. गंगूनं मुद्दाम दाखवली नाही, माझीच नजर तिथं गेली आणि तिथंच थांबली. मला वाटतं मी विचार केला असता तर बोललो नसतो.

"थे चौथं कोहळं म्या बाजारात इकलं व्हतं," मी म्हणालो. "अन् त्याच्या जागी दुसरं आनलं."

गंगूनं पदर सावरला. चकित झाली नाही. ती म्हणाली, "आत्याबाईले ठाव व्हतं मामाजी. त्या सरगाठ बांधत, देठ जाडा झाला का धागा सरकते. त्या कोहळ्याले निरगाठ व्हती. अन् देठ त इतका जाडा. फुलात बांधली असती त रुतली असती."

म्हणून तू देठाकडं पाहिलं होतंस.

गंगूनं मग एकेक सांगितलं. तुला ती मोजणी खोटी ठाऊक होती, म्हणून तू ती भिंतीवर मांडलीच नाहीस. पुढच्याच मृगाला मायचं उरलेलं बेनं उकिरड्यावर टोचलंस. बियाण्याच्या फळासाठी फुलाचं तोंड आदल्या सांजेला बांधून ठेवायचीस आणि सकाळी त्याच वाणाचं गडी फूल हातानं फिरवायचीस, म्हणजे वाण भेसळ होऊ नये. आणि त्या सालापासून कोहळी तू स्वतःच कापलीस. सासू कीर्तनाला गेली की दार लोटून, विळा घेऊन. अठरा सालांत तुझ्या हातून कितीतरी कोहळी फुटली आणि आभाळ जिथल्या तिथं राहिलं. ज्या पापासाठी मी अठरा वर्षं मान खाली घालून होतो, त्यानं मायचं वाण बुडालंही नव्हतं. तू मला न सांगता ते सावरून घेतलं होतंस, जसं लहानपणी माझं फुटलेलं मडकं घ्यायचीस. माय मात्र ते न कळता गेली. ते सावरणं तुझ्याही हातात नव्हतं. तिला सांगायचं तर माझं नाव घ्यावं लागलं असतं.

मी गंगूला विचारलं, मला का बोलली नाही? इतकी वर्षं भांडलो, एकदा तोंडावर फेकायचं होतं.

गंगू म्हणाली, हे तिनंही तुला विचारलं होतं. "त त्या मने, बोलाचं त्यानं व्हतं. मी कायले बोलू?"

तर मी बोललो, अक्का. उशिरा बोललो आणि तुझ्या सुनेपाशी बोललो. याला बोलणं म्हणावं की नाही हे तू ठरवलं असतंस.

परवा यंदाची कोहळी उतरवली. तू पडण्याआधी बारा पांढरे आणि बारा लाल धागे बांधून ठेवले होतेस, शेवटचे दोन म्हणे ताप अंगात असताना. यंदा भादव्याची झड तुला माहीत आहे, तुझ्या खाटेवरून दिसतच होती. मी आणि गंगू मांडवाखाली आणि उकिरड्यावर वाकून एकेक देठ पाहत गेलो. लाल धाग्याची आठ धरलेली. पांढऱ्याची सात. मग कुडाजवळ आणखी एक कोहळं निघालं, चांगलं भरलेलं. देठावर धागा नाही. खाली, वीतभर अंतरावर, चिखलात पांढरा धागा पडलेला.

गंगूनं तो उचलला. सरगाठ सुटली होती. या देठावरून सुटून पडला असेल, नाही तर बाजूच्या गळालेल्या फुलाबरोबर पडला असेल. फूल आता नाही, म्हणजे कमचीलाही विचारता येत नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं. "आत्याबाईचंच असन न हे, मामाजी? आठ-आठ होईन."

तिला ते हवं होतं. मला तिच्याहून हवं होतं. तू बांधलेल्या शेवटच्या धाग्यांत मायचं वाण निदान बरोबरीला यावं, यात कोणाचं काही जात नव्हतं. पाहायला सासू नव्हती, शेजारणी नव्हत्या. नुसती मान हलवायची होती. मी कोहळ्याजवळ बसलो, देठ दोन्ही बाजूंनी पाहिला. धाग्याची खूण कुठं उमटली आहे का म्हणून बोट फिरवलं. उमटली नव्हती. न उमटण्यानं काही सिद्ध होत नाही, सरगाठीची खूण उमटतच नाही.

"सांगता येत नाई," मी म्हणालो. "धरू नोको."

गंगूनं झोपडीत जाऊन गेरू भिजवला. झडीचे ठिपके दिले, लाल बाजूला आठ रेघा ओढल्या, पांढऱ्या बाजूला सात, आणि कुडाजवळचं ते कोहळं आम्ही घरात खायला नेलं. बेनं दोन्ही ठेवलं आहे. पुढच्या मृगाला उकिरड्यावर नाही, दोन्ही मळ्यांच्या मांडवांवर लावायचं ठरलं.

मायचं वाण यंदा एका फळानं मागं पडलं, अक्का. मोजणी खरी आहे.